'स्क्रीमाडेलिका'सारखं मिक्स जमत नाही, कारण मूळ गाणं अजून शाबूत आहे

प्रश्न थोडक्यात असा: दोन गिटार, बेस, ड्रम्स असा रॉक बँड आहे. एक संथ मराठी गाणं रेकॉर्ड करून झालंय. 'प्रायमल स्क्रीम' या ब्रिटिश बँडच्या 'स्क्रीमाडेलिका' अल्बमवरच्या 'लोडेड'सारखं त्याचं लांब, नाचता येईल असं मिक्स हवंय. पण तयार गाण्याखाली किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि ड्रम लूप (फिरून फिरून वाजणारा ड्रम्सचा तुकडा) टाकला की दोन गाणी एकाच वेळी वाजल्यासारखं वाटतं. चुकतंय कुठे?

लूपची यात काही चूक नाही. गाणं जसंच्या तसं ठेवलंय, तिथे चुकतंय. 'लोडेड' हा प्रायमल स्क्रीमच्याच १९८९ च्या अल्बममधल्या 'आय'म लूझिंग मोअर दॅन आय'ल एव्हर हॅव' या संथ, हळव्या गाण्याचा रीमिक्स आहे. रीमिक्स करणारा अँड्र्यू वेदरॉल तेव्हा डीजे होता, स्टुडिओतलं काम त्याला जवळजवळ नवीनच होतं. पहिल्या खेपेला त्याने गाण्याचा मान राखला: गाणं तसंच आणि खाली जरा जोरकस ठेका. म्हणजे तुम्ही केलंय तेच. बँडचा गिटारवादक अँड्र्यू इनेस याने ते ऐकलं आणि शिवी हासडून सांगितलं की गाण्याची पार मोडतोड कर. दुसऱ्या खेपेला मूळ गाण्याच्या शेवटाकडचे बेस, पियानो, ब्रास आणि स्लाइड गिटार यांचे तुकडे तेवढे उरले. ड्रम्स आले एडी ब्रिकेलच्या 'व्हॉट आय अ‍ॅम'च्या एका इटालियन चोरट्या रीमिक्समधून. वर 'द वाइल्ड एंजल्स' या १९६६ च्या चित्रपटातला पीटर फोंडाचा संवाद आणि 'द इमोशन्स'च्या गाण्यातली एक हाक. बँडचा गायक बॉबी गिलेस्पी सात मिनिटांत जेमतेम एक ओळ गातो, तीही रॉबर्ट जॉन्सनच्या 'टेराप्लेन ब्लूज'मधली. फेब्रुवारी १९९० मध्ये आलेलं हे सिंगल ब्रिटनच्या यादीत १६ व्या क्रमांकापर्यंत गेलं.

पुढचं काही करण्याआधी ही दोन्ही गाणी लागोपाठ ऐका आणि कागदावर दोन रकाने करा: मूळ गाण्यातलं काय राहिलं, काय गेलं. 'गेलं'चा रकाना कितीतरी लांब होतो. तुमच्या गाण्याचाही तसा होणार आहे, आणि गायकाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

कामाला सुरुवात मल्टीट्रॅकपासून, म्हणजे प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या रेकॉर्डिंगपासून करायची. तयार स्टिरिओ मिक्सवर हे जमत नाही, कारण त्यात जुना स्नेअर, जुनी किक आणि त्यांचा खोलीतला घुमारा कायमचा मुरलेला असतो. नवी किक त्यावर ठेवली की दर ठोक्याला दोन किका दहा-वीस मिलिसेकंदांच्या फरकाने पडतात. 'दोन गाणी' वाटतात ती त्यामुळे. ज्या स्टुडिओत रेकॉर्डिंग झालं तिथून प्रत्येक ट्रॅक वेगळा मागा: २४ बिट, रेकॉर्डिंगच्याच सॅम्पल रेटला, सगळ्या फाइली एकाच बिंदूपासून सुरू होणाऱ्या, एकदा इफेक्टसह आणि एकदा कोऱ्या. गिटारची डीआय (अँपशिवाय थेट तारेने घेतलेलं रेकॉर्डिंग) असेल तर तीही. सॉफ्टवेअरने मिक्समधून वाद्यं वेगळी काढता येतात हे खरं, पण झांजांची फरफर आणि रिव्हर्बच्या शेपट्या त्यात उरतात. दोन बारचा (एक बार म्हणजे चार मात्रा) पियानोचा लूप दाट मिक्समध्ये त्यावर खपून जातो. ब्रेकमध्ये, म्हणजे बाकीची वाद्यं थांबतात तिथे, एकटा उघडा पडणारा आवाज खपत नाही.

फाइली आल्या की ड्रम्सचे सगळे ट्रॅक बंद करा. ओव्हरहेडसुद्धा (ड्रम्सच्या वर टांगलेल्या माइकचे ट्रॅक), मोह झाला तरी. मग गायकाचा ट्रॅक बंद. जे उरेल ते सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका आणि जिथे मान आपोआप हलते त्या जागा टिपून ठेवा. बहुतेक गाण्यांत अशा जागा दोन-चारच निघतात, आणि त्या कडव्यात किंवा ध्रुवपदात क्वचितच असतात. वादक गाणं 'संपल्यावर' मोकळे होऊन वाजवत असतात ते शेवटचे सोळा-वीस बार, किंवा दोन कडव्यांमधली जागा, तिथे माल सापडतो. वेदरॉलने शेवटाकडचा भाग उचलला त्यामागे हाच हिशोब असावा: तिथे गाणं काही सांगत नसतं, नुसतं वाजत असतं.

आता लय. 'लोडेड' साधारण ९८ बीपीएमवर (मिनिटाला ९८ मात्रा) आहे, म्हणजे हाऊस या क्लब संगीताच्या १२० च्या मानाने चांगलंच संथ. १९८९-९० मध्ये 'सोल टू सोल'च्या 'कीप ऑन मूव्हिन'मुळे हा संथ, डुलणारा ठेका लंडनच्या क्लबांत रुळला होता, आणि रॉक गाणी याच लयीत नैसर्गिकपणे बसतात. तुमचं गाणं ९० ते १०२ च्या दरम्यान असेल तर ते १२० ला ओढू नका. तसंच सायकेडेलिक आणि नाच म्हटलं की आपल्याकडे लगेच गोवा ट्रान्स आठवतो. त्याची लय १४० च्या घरात आणि घडणही निराळी. पण या दोन टोकांना जोडणारा एक माणूस आहे. 'हॅपी मंडेज' या बँडचा १९९० चा 'पिल्स अँड थ्रिल्स अँड बेलीएक्स' हा रॉक-नाच मेळाचा दुसरा मोठा अल्बम डीजे पॉल ओकनफोल्डने स्टीव्ह ऑस्बोर्नसोबत केला, आणि डिसेंबर १९९४ मध्ये बीबीसी रेडिओ १ वरून 'गोवा मिक्स' वाजवलं तेही ओकनफोल्डनेच.

९८ बीपीएमचा हिशोब एकदा मांडून भिंतीवर लावा. एक मात्रा ६१२ मिलिसेकंद. चार मात्रांचा एक बार २.४५ सेकंद. चार बार ९.८ सेकंद, सोळा बार ३९ सेकंद. सात मिनिटांत साधारण १७१ बार मावतात. त्या काळी स्टुडिओंमध्ये सर्रास दिसणाऱ्या अकाई एस १००० सॅम्पलरमध्ये (आवाजाचे तुकडे साठवून वाजवणारं यंत्र) मूळची मेमरी २ मेगाबाइट होती. सीडीच्या दर्जाचा स्टिरिओ आवाज त्यात १२ सेकंदांपेक्षा कमी मावायचा. म्हणजे या लयीत चार बार, पाचवा नाही. त्या काळच्या रेकॉर्ड्समध्ये दोन आणि चार बारचेच लूप का आढळतात, याचं अर्धं कारण हे. आज मेमरीला मर्यादा नाही, तरी ती मर्यादा स्वतःवर लादून घ्या. आठ बारचा 'लूप' बहुतेक वेळा लूप नसतोच, गाण्याचा न कापलेला तुकडा असतो.

क्लिकशिवाय (कानात मात्रा मोजणारी टकटक) वाजवलेल्या बँडची लय हलते. कडव्याला ९४, शेवटी ९९, हे नेहमीचंच. अशा वेळी पूर्ण गाणं ग्रिडवर (सॉफ्टवेअरमधल्या समान मात्रांच्या रेषांवर) ताणून बसवण्याचा हट्ट धरला की बेस पाणचट होतो आणि पियानोच्या आघातांना दाणा येतो. टिपून ठेवलेल्या जागांमधून दोन-दोन बारचे तुकडे कापा. काप समेच्या आघाताच्या किंचित आधी, लहर शून्यरेषा ओलांडते तिथे घ्या आणि दोन्ही टोकांना ३ ते ५ मिलिसेकंदांचा फेड द्या. नाहीतर दर फेरीला टक् असा आवाज येतो. असे पाच-सहा तुकडे काढून त्यातले सगळ्यात घट्ट दोन ठेवा.

तुकड्याची लय बदलायला दोन मार्ग. टेपसारखा वेग बदलला तर सूरही बदलतो: ९२ वरून ९८ वर नेलं की सुमारे १.१ सेमीटोन वर, १०५ वरून ९८ वर आणलं की १.२ सेमीटोन खाली. ड्रम लूपसाठी हाच मार्ग घ्या. स्नेअर थोडा खाली गेला की जाड लागतो आणि आघात शाबूत राहतो. स्वरवाद्यांना टाइम-स्ट्रेच, म्हणजे सूर न हलवता लय बदलणं, लागतो. त्याच्या व्यवहारातल्या मर्यादा: बेसला ४ टक्के, पियानो-गिटारला ६, सलग गायलेल्या आवाजाला ८ ते १०. त्याच्यापुढे जावं लागत असेल तर वादकाला बोलावून तेवढे दोन बार नव्या लयीत वाजवून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कुठल्याही प्लगइनपेक्षा चांगलं होतं.

ठेका दोन थरांत बांधा. वरचा थर माणसाने वाजवलेल्या ड्रम्सचा लूप. त्यात खोलीची हवा आणि डुलकी (स्विंग, म्हणजे ठेक्याचं किंचित डोलणं) असते. खालचा थर ड्रम मशीनच्या किकचा, जो क्लबमध्ये छातीवर बसतो. लूपला ९० ते १२० हर्ट्झच्या खाली पूर्ण कापून टाका, तळ फक्त मशीनच्या किकला आणि बेसला द्या. मग दोन्ही किकांचे आघात मोठे करून स्क्रीनवर जुळवा. ६० हर्ट्झच्या लहरीचा एक फेरा १६.७ मिलिसेकंदांचा असतो. दोन आघातांत ८ मिलिसेकंदांचं अंतर पडलं की त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि किक दोन असूनही एकीपेक्षा बारीक ऐकू येते. असं झालं की लोक व्हॉल्यूम वाढवतात, तिथून मिक्स बिघडायला लागतं. आधी पोलॅरिटीचं (लहर उलटी करणारं) बटण दाबून पाहा, मग एक-एक मिलिसेकंद सरकवा, आणि तरीही जमेना तर लूप १५० पर्यंत कापा.

डुलकीचं गणित जरा नीट पाहण्यासारखं आहे. ९८ ला सोळावा हिस्सा १५३ मिलिसेकंदांचा. लूपमध्ये ५६ टक्के स्विंग असेल तर दर दुसरा सोळावा हिस्सा १५३ ऐवजी १७१ व्या मिलिसेकंदाला पडतो, म्हणजे १८ मिलिसेकंद उशिरा. त्यावर तुम्ही प्रोग्रॅम केलेला खंजिरीचा सरळ सोळावा ठेवला की दोघांत फडफड सुरू होते. कानाला ती चूक म्हणून कळत नाही, 'काहीतरी घाईचं' वाटतं एवढंच. उपाय सोपा आहे. लूपचा ग्रूव्ह, म्हणजे आघातांच्या वेळांचा साचा, सॉफ्टवेअरने काढून घ्या आणि खंजिरी, शेकर, हाय-हॅट, प्रोग्रॅम केलेला बेस, सगळ्यांना तोच लावा. किकला मात्र लावू नका, ती ग्रिडवरच राहू दे. खंजिरी हाताने वाजवून चार मिनिटं सलग रेकॉर्ड केली तर आणखी उत्तम. जिमी मिलर या निर्मात्याचा सगळा जोर अशा तालवाद्यांवर असायचा. रोलिंग स्टोन्सच्या 'हाँकी टाँक विमेन'च्या सुरुवातीची काऊबेल त्याने स्वतः वाजवली आहे. 'स्क्रीमाडेलिका'तलं 'मूव्हिन ऑन अप' आणि 'डॅमेज्ड' ही दोन गाणी त्याच्याकडे गेली, त्याचं कारण 'मूव्हिन ऑन अप' ऐकताना कळतं. त्यात क्लबचं असं फारसं काही नाही: अकूस्टिक गिटार, पियानो, टाळ्या, गॉस्पेल पद्धतीचं वृंदगान. तरी पाय हलतो.

बेसकडे येऊ. रॉकचा बेसवादक बहुधा गिटारच्या मूळ स्वरावर सलग आठवे हिस्से वाजवतो. ते नाचाला मारक आहे, कारण त्यात जागाच नसते. दोन बारची एक ओळ करा, तिच्यात चौथ्या मात्रेवर किंवा दुसऱ्या बारच्या अखेरीस रिकामी जागा हवीच. 'हायर दॅन द सन'चं जे दुसरं रूप अल्बमवर आहे, 'अ डब सिंफनी इन टू पार्ट्स', त्यात बेस जाह वॉबलने वाजवलाय. तिथे तो किती वेळा गप्प राहतो ते मोजत ऐका. मिक्समध्ये बेस मोनो, ४० हर्ट्झखाली कापलेला, आणि गिटारमधून १०० ते २५० हर्ट्झचा पट्टा ४-५ डेसिबल उतरवलेला. रॉक मिक्समध्ये गिटार जिथे ऊब देते, नाचाच्या मिक्समध्ये नेमकी तीच जागा बेसला लागते.

आणि कॉर्ड. तुमच्या गाण्यात दर बारला कॉर्ड बदलत असेल तर कॉर्डची संख्या निम्म्याहून कमी करा. दोन कॉर्ड पुरतात, काही वेळा एकही पुरते. सायकेडेलिक रॉक आणि नाचाचं संगीत यांचा खरा सांधा मला इथे दिसतो: दोघांनाही एकाच स्वरावर ठाण मांडून बसायला आवडतं. तानपुरा चालू असताना षड्ज कुठे आहे हे कोणी विचारत नाही, तसा एक स्वर तळाशी सतत असला की वरच्या छोट्या बदलांकडे कान जातो. अल्बमवरच्या 'स्लिप इनसाइड धिस हाऊस'मध्ये हे स्पष्ट दिसतं. मूळ गाणं 'थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स' या टेक्ससच्या बँडचं, १९६७ चं, आठ मिनिटांचं. ते आधीच गोल गोल फिरणारं होतं, म्हणून 'हिप्नोटोन' या नाच-संगीताच्या गटाला ते नाचाच्या ठेक्यावर आणताना फार फोडावं लागलं नाही. तिथेही गायक गिलेस्पी नाही, गिटारवादक रॉबर्ट यंग आहे. 'डोन्ट फाइट इट, फील इट' तर डेनिस जॉन्सन गाते, आणि 'कम टुगेदर'च्या अल्बमवरच्या दहा मिनिटांच्या मिक्समधून गिलेस्पीचे शब्द काढून त्या जागी १९७२ च्या वॉटस्टॅक्स मैफलीतलं जेसी जॅक्सनचं भाषण बसवलंय. गिलेस्पीच्या आवाजातलं 'कम टुगेदर' ऐकायचं असेल तर डीजे टेरी फार्लीचं मिक्स शोधा. अमेरिकेतल्या आवृत्तीवर तेच होतं. ही दोन मिक्सं शेजारी शेजारी ठेवून ऐकण्यासारखा दुसरा धडा नाही. एकात गाणं टिकलंय आणि ते छान आहे. दुसऱ्यात गाणं विरघळलंय, आणि पहाटे तीन वाजता लोकांना तेच हवं असतं.

आवाजाचं काय करायचं, हा प्रश्न यातूनच सुटतो. पूर्ण कडवं ठेवू नका. एक ओळ, शक्यतो चार ते सहा अक्षरांची, जिच्यात शेवटचा स्वर लांबवलेला आहे, ती उचला. मराठीत 'आ'कारान्त किंवा 'ए'कारान्त शेवट डिलेमध्ये (प्रतिध्वनी देणाऱ्या इफेक्टमध्ये) छान पसरतो. 'त', 'क', 'ट' असे कडक शेवट प्रत्येक प्रतिध्वनीत टकटक करतात. तसा शब्द टाळता येत नसेल तर शेवटचं व्यंजन फेडने खाऊन टाका.

डिले आणि रिव्हर्ब हे शेवटी लावायचे अलंकार आहेत असं समजू नका. डबमधून, म्हणजे जमैकातल्या रेगेच्या मिक्सिंगच्या शैलीतून आलेली ही पद्धत आहे आणि तिच्यात मिक्सिंगचं टेबल हेच वाद्य असतं. ९८ बीपीएमला दोन डिले तयार ठेवा: एक ४५९ मिलिसेकंदांचा, म्हणजे दीडपट आठवा हिस्सा, आणि एक पूर्ण मात्रेचा, ६१२ चा. फीडबॅक (प्रतिध्वनीचा पुन्हा डिलेत परत जाणारा हिस्सा) ६० टक्के ठेवला तर दर फेरीला आवाज सुमारे ४.४ डेसिबल उतरतो आणि पाच फेऱ्यांत मिक्समध्ये विरून जातो. ७५ च्या वर गेलात तर हात बटणावरच ठेवा. फीडबॅकच्या वाटेत फिल्टर हवेत, खाली ३०० हर्ट्झपासून आणि वर ३ किलोहर्ट्झपासून कापणारे. ते नसले की प्रत्येक फेरीत तळ साचत जातो आणि अर्ध्या मिनिटात बेस ऐकू येईनासा होतो. सगळ्यात जास्त वेळा होणारी चूक हीच.

डिले सतत चालू ठेवू नका. सेंडचा (इफेक्टकडे आवाज पाठवणारा) खटका शून्यावर ठेवून एकाच शब्दावर, एकाच स्नेअरवर उघडा आणि लगेच मिटा. माउसने ऑटोमेशन काढत बसलात तर ते काढल्यासारखं ऐकू येतं. चार फेडरचा स्वस्त मिडी कंट्रोलर घ्या, सात मिनिटं गाणं सलग सोडा आणि हाताने खेळा. इफेक्टचा परतावा वेगळ्या ट्रॅकवर ऑडिओ म्हणून रेकॉर्ड होऊ द्या. असे तीन टेक घ्या, मग त्यातले चांगले क्षण कापून एकत्र करा. वेदरॉल आणि त्याचा इंजिनिअर ह्यूगो निकल्सन यांची मिक्सं जिवंत वाटतात त्यात या हाताच्या खेळाचा वाटा मोठा आहे. 'द ऑर्ब' या गटाने केलेलं 'हायर दॅन द सन' मात्र निराळ्या जातीचं: तिथे ठेका जवळजवळ तरंगतो. तसं करायला जाऊ नका, निदान पहिल्या गाण्यात. रिकाम्या जागेवर श्रोत्याला धरून ठेवणं हे भरलेल्या मिक्सपेक्षा अवघड काम आहे.

मांडणी बारमध्ये लिहून काढा. ९८ ला १६८ बारचं, म्हणजे सहा मिनिटं पन्नास सेकंदांच्या आसपासचं एक चालणारं रूप असं: पहिले ८ बार ठेक्याशिवाय, बोललेला आवाज आणि तळाचा स्वर. ९ ते २४ ड्रम लूप आणि खंजिरी. २५ ला पियानो किंवा गिटारचा तुकडा. बेस ४१ व्या बारला, म्हणजे दीड मिनिट उलटून गेल्यावर. त्याआधी आणलात तर पुढे देण्यासारखं काही उरत नाही. ७३ ला दुसरा तुकडा, ब्रास किंवा स्लाइड. ८९ ते ९६ किक आणि बेस दोन्ही बंद. ९७ ला सगळं परत, सोबत गायकाची ती एक ओळ. १५३ पासून एकेक वाद्य काढत १६८ ला फक्त ठेका उरू द्या, म्हणजे डीजेला पुढचं गाणं जोडता येतं. दर ८ बारला एकच गोष्ट बदला. रॉकवाल्यांना ध्रुवपदाला सगळं एकदम उघडण्याची सवय असते, ती इथे आवरावी लागते. ९७ व्या बारला नवं काहीही न आणता नुसता बेस परत आला तरी लोक हात वर करतात, कारण मधले आठ बार तो नव्हता.

डीजेच्या सोयीची आणखी एक बाब. टेक्निक्स एसएल-१२०० एमके२ टर्नटेबलवर वेग ८ टक्के कमी-जास्त होतो, म्हणजे ९८ चं गाणं ९० ते १०६ च्या दरम्यानच्या कशालाही जोडता येतं. लय स्थिर नसेल तर या सोयीचा उपयोग शून्य. मूळ तुकडे कितीही मोकळे असोत, तळातली किक पहिल्या बारपासून शेवटपर्यंत ग्रिडवर हवी.

मिक्स तपासताना मोनोचं बटण दाबा. बहुतेक हॉल आणि पबमध्ये आवाज मोनोच असतो, आणि स्टिरिओ रुंद करणाऱ्या प्लगइनने फुगवलेली गिटार तिथे सरळ गायब होते. मास्टर, म्हणजे अंतिम फाइल, उणे ९ ते उणे १० एलयूएफएसवर (कानाला जाणवणाऱ्या जोराचं माप) थांबवा. उणे ६ पर्यंत दाबलंत तर किकचं डोकं चेपतं आणि डिलेच्या शेपट्या मूळ आवाजाइतक्याच मोठ्या होतात. खोली नाहीशी होते. विनाइल काढायचा विचार असेल तर ३३ च्या वेगाला एका बाजूला १८ मिनिटांच्या आत राहा आणि १५० हर्ट्झखालचं सगळं मोनो करा. 'स्क्रीमाडेलिका' एका तासाहून थोडा मोठा, म्हणून ११ गाणी दोन तबकड्यांच्या चार बाजूंवर पसरली आहेत, आणि बेसला खोल खाचा मिळाल्या त्या त्यामुळेच. तो अल्बम २३ सप्टेंबर १९९१ ला क्रिएशन रेकॉर्ड्सने काढला आणि पुढच्या वर्षी पहिलावहिला मर्क्युरी पुरस्कार (ब्रिटनमधला वर्षातल्या उत्तम अल्बमचा) त्याला मिळाला. पण त्याआधी दीड वर्ष त्यातले तुकडे एकेक सिंगल म्हणून क्लबांत फिरत होते. तुम्हीही आधी एकच गाणं काढा, एखाद्या ओळखीच्या डीजेकडून गर्दीत वाजवून घ्या, आणि कोणत्या बारला लोक पेयं आणायला जातात ते पाहा. तो बार कापा.

मंचावर वाजवायचं असेल तर ड्रमरच्या कानात क्लिक लागेल, आणि लूपही क्लिकइतकाच मोठा. इथे बँड सहसा अडखळतात: ड्रमर लूपच्या किकवर स्वतःची पूर्ण ताकदीची किक मारतो आणि घरी सोडवलेली दोन किकांची भानगड पुन्हा उभी राहते. मंचावर लूपची किक काढून टाका, लूप २०० हर्ट्झपासून वरचाच सोडा, आणि ड्रमरने फक्त किक, स्नेअर आणि एखादी झांज सांभाळावी. संवाद आणि गायकाची ओळ सॅम्पल पॅडवर ठेवा, बॅकिंग ट्रॅकमध्ये गोठवू नका. म्हणजे ब्रेक आठऐवजी सोळा बारचा करावासा वाटला तर करता येतो.

राहिला सॅम्पलचा, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेल्या तुकड्याचा कायदा. 'लोडेड'च्या वेळी लोक बिनदिक्कत उचलत होते. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत बिझ मार्की या रॅपरविरुद्धचा निकाल लागला आणि परवानगीशिवायची उचल महागात पडू लागली. आपल्याकडे एखाद्या जुन्या गाण्याचा तुकडा घ्यायचा तर परवानग्या दोन लागतात: ध्वनिमुद्रणाची, जी कंपनीकडे असते, आणि शब्द-चालीची, जी गीतकार-संगीतकारांकडे किंवा त्यांच्या प्रकाशकाकडे असते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रण आणि चित्रपट यांचं संरक्षण प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतं. म्हणजे १९६४ साली आलेल्या चित्रपटाचं किंवा ध्वनिमुद्रणाचं संरक्षण २०२४ अखेर संपलं. पण शब्द आणि चाल यांचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, त्यामुळे १९६० च्या चित्रपटगीताचा तुकडा बहुधा अजूनही मोकळा नसतो. त्याच चित्रपटातल्या नुसत्या संवादालाही लेखकाचा हक्क चिकटलेला असू शकतो, तो तपासून घ्या. सोपा मार्ग असा की संवाद स्वतः लिहा, एखाद्या नाटकवाल्या मित्राकडून बोलून घ्या, तो आवाज फोनच्या स्पीकरवर वाजवून दुसऱ्या माइकने पुन्हा रेकॉर्ड करा आणि ३०० हर्ट्झ ते ३.५ किलोहर्ट्झच्या बाहेरचं सगळं कापा. आणि त्याच्याकडून एका कागदावर सही घेऊन ठेवा, गाणं चालल्यावर मागायला जाऊ नका.